नाव एकच ४०६०, वॅट तीन : डेस्कटॉप-लॅपटॉप ग्राफिक्स कार्ड तुलनेच्या नोंदी

जागा फोंडा, गोवा. कामं दोन. पहिलं, चवथीआधी माटोळीचा (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळं-पानांच्या छताचा) ३० सेकंदांचा थ्रीडी तुकडा रेंडर करून देणं, म्हणजे संगणकाकडून ७२० चित्रं (फ्रेम) काढून घेणं. दुसरं, जत्रेतल्या नाटकांसाठी एलईडी पडद्यावरची दृश्यं अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून थेट चालवणं. पहिलं काम खोलीत बसून होतं, दुसरं देवळाच्या मांडवात. म्हणून प्रश्न पडला की डेस्कटॉप आणि लॅपटॉप या दोन्हींत 'आरटीएक्स ४०६०' हेच नाव असेल, तर फरक नेमका किती आणि कशामुळे? जे करून पाहिलं ते तारखेनुसार खाली दिलं आहे. चुकलेल्या फेऱ्याही ठेवल्या आहेत, कारण तशाच चुका बहुतेकांच्या होतात.

११ मे २०२४

तीन यंत्रं एका टेबलावर लावली.

क : नवा जोडलेला डेस्कटॉप. रायझन ५ ७६००, ३२ जीबी डीडीआर५, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), दोन पंख्यांचं ४०६०.
ख : वर्षभर वापरलेला जाड लॅपटॉप. आय७ १३६५०एचएक्स, १६ जीबी रॅम, २३० वॅटचा अडॅप्टर.
ग : नवा पातळ लॅपटॉप, वजन दोन किलोंच्या आत, १५० वॅटचा अडॅप्टर.

तिन्हींतलं कार्ड एकाच एडी१०७ चिपचं आहे. कुडा कोअर (गणित करणारे छोटे भाग) ३०७२, मेमरी ८ जीबी, बस (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी) १२८ बिट. कागदावर फरक दोनच ठिकाणी दिसतो. डेस्कटॉप कार्डाची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने चालते, लॅपटॉपची २५६ ने. दुसरा फरक विजेचा. डेस्कटॉप ४०६० ला ११५ वॅट ठरलेले आहेत. लॅपटॉप ४०६० ला एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढी मोकळीक दिली आहे आणि त्यातला कुठला आकडा घ्यायचा हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. खोक्यावर मात्र दोन्हीकडे '४०६० ८ जीबी' एवढंच छापलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हा आकडा शोधण्याचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवरची ओळ असते. ख वर १४० वॅट दिसले, म्हणजे ११५ आणि वरून डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळवणारी सोय) २५. ग वर ७५. ग च्या माहितीपत्रकात हा आकडा कुठेच नाही. दुकानात विचारलं तेव्हा 'फुल पॉवर आहे' असं उत्तर मिळालं होतं. लॅपटॉप घेताना दुकानातच यंत्र चालू करून ही ओळ वाचा, दोन मिनिटं लागतात.

भिंतीतून किती वीज ओढली जाते ते पाहायला प्लगमध्ये बसणारा मीटर आणला, १,२५० रुपये.

१३ मे

पहिली फेरी. तिन्हींवर टाइम स्पाय (कार्डाला गुण देणारी चाचणी) आणि माटोळीच्या दृश्याची एक फ्रेम. ती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये, एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स सेटिंगवर, ५१२ सॅम्पलची. सगळे आकडे रद्द करावे लागले, दोन संध्याकाळी गेल्या. कारणं अशी:

ख 'सायलेंट' मोडवर राहिला होता. त्या मोडमध्ये कार्ड ६० वॅटच्या वर जात नाही, हे सेकंदागणिक नोंद पाहिल्यावर कळलं.

ग ला टेबलावरचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावलेला होता. चार्जिंगचं चिन्ह दिसत होतं, त्यामुळे शंका आली नाही. कार्डाला जेमतेम ३८ वॅट मिळत होते आणि शिवाय बॅटरी उतरत होती. टाइप-सी ने लॅपटॉप चालतो, ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. यंत्रासोबत आलेला जाड पिनचा अडॅप्टरच लावायचा.

क वर रेंडरची पहिली फ्रेम दोन मिनिटं जास्त घेऊन गेली. ब्लेंडर पहिल्यांदा रेंडर कर्नल (कार्डावर चालणारा प्रोग्राम) चढवतो, तो वेळ फ्रेमच्या वेळेत मिसळला होता. पहिली फ्रेम आता कायम टाकून देतो.

तिन्हींवर ड्रायव्हरही वेगवेगळे होते. आता एकच आवृत्ती, विंडोजचा पॉवर मोड तिन्हीकडे 'बेस्ट परफॉर्मन्स', खोलीचं तापमान प्रत्येक फेरीआधी लिहायचं, आणि प्रत्येक फेरी तीनदा घेऊन मधला आकडा धरायचा.

१५ मे

दुसरी फेरी. खोली ३१ अंश, पंखा चालू, एसी बंद. टाइम स्पायचा ग्राफिक्स स्कोअर आणि एका फ्रेमचा वेळ :

क : १०,६२०, फ्रेम २५० सेकंद.
ख : १०,३९०, फ्रेम २६६ सेकंद.
ग : ८,६४०, फ्रेम २९६ सेकंद.

म्हणजे पूर्ण वॅटचा लॅपटॉप डेस्कटॉपच्या जवळ पोचतो, आणि एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतला फरक डेस्कटॉप-लॅपटॉप फरकापेक्षा मोठा आहे. दुकानात चर्चा नेहमी 'डेस्कटॉप चांगला की लॅपटॉप' अशी होते, खरं अंतर मात्र ख आणि ग मध्ये पडलं.

ख ला १४० वॅटची मुभा असूनही तो १०५ च्या आसपासच थांबतो. जीपीयू-झेड या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'परफकॅप रीझन' नावाची ओळ असते. ती कार्ड कशामुळे थांबलं ते सांगते. ख वर ती 'व्हीरेल' दाखवत होती, म्हणजे व्होल्टेजची मर्यादा. वीज हाताशी आहे पण चिपला परवानगी असलेलं व्होल्टेज संपलं. ४०६० च्या बाबतीत १४० वॅटच्या जाहिरातीसाठी जास्त पैसे देऊ नयेत, १०० च्या आसपास वॅट खरोखर टिकवणारं यंत्र पुरेसं आहे. ग वर हीच ओळ सारा वेळ 'पॉवर' दाखवत होती.

१८ मे

अनरियल दृश्यात ख फार मागे. क वर सेकंदाला ९२ फ्रेम, ख वर ७१. रेंडरमध्ये सहा टक्क्यांचा फरक आणि इथे तेवीस टक्के, हे जुळत नव्हतं. कार्डाचे वॅट पाहिले तर ७० च्या खाली. कार्ड रिकामं बसलं होतं, त्याला काम पोचतच नव्हतं.

कारण एक : रॅमची एकच पट्टी. १६ जीबी एका खाचेत, दुसरी खाच मोकळी. डीडीआर५ ची एक पट्टी आतून दोन उपचॅनलची असते म्हणून 'एकीने चालतं' असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण एकूण रुंदी दोन पट्ट्यांच्या निम्मीच राहते. त्याच वेगाची दुसरी १६ जीबी पट्टी घातली, ४,२०० रुपये. ७१ वरून ८०.

कारण दोन : लॅपटॉपचा पडदा ग्राफिक्स कार्डाला थेट जोडलेला नव्हता. हायब्रिड मोडमध्ये कार्ड चित्र तयार करतं आणि ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या वाटेने पडद्यावर जातं. त्या वळणाला वेळ लागतो. ख मध्ये मक्स स्विच आहे, तो पडदा थेट कार्डाला जोडतो. सोबतच्या ॲपमध्ये 'डिस्क्रीट' निवडून यंत्र पुन्हा चालू केलं. ८० वरून ८८.

ग मध्ये मक्स नाही. बाहेरचा पडदा जोडून पाहिला तरी फरक पडला नाही, आणि इथे आणखी एक दिवस गेला. शेवटी कंट्रोल पॅनलमधलं फिजएक्सचं पान उघडलं. तिथल्या छोट्या चित्रात कुठलं पोर्ट कुठल्या ग्राफिक्सला जोडलंय ते दिसतं. ग चं एचडीएमआय प्रोसेसरच्या ग्राफिक्सला आहे, टाइप-सी पोर्ट मात्र थेट कार्डाला. टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॅप्टर घालून पडदा जोडल्यावर ६३ वरून ७०. एलईडी वॉलच्या माणसाकडे जाण्याआधी हे पान पाहून ठेवा. मांडवात ऐनवेळी वायर बदलत बसायला वेळ मिळत नाही.

२२ मे

एक फ्रेम मोजून निर्णय घेणं धोक्याचं. लॅपटॉप पहिली पाच मिनिटं थंड असतो. आज तिन्हींवर सलग ६० फ्रेम. खोली ३२ अंश, एसी मुद्दाम बंद, कारण मांडवात एसी नसतो.

क : पहिली फ्रेम २५०, साठावी २५०. कार्ड ६८ अंशांवर स्थिर. एकूण ४ तास १० मिनिटं.

ख : पहिली २६६, विसाव्या फ्रेमनंतर २८१. कार्ड ८६-८७ अंशांवर टेकलेलं, वॅट १०१ वरून ८८ वर. जीपीयू-झेडची ओळ आता 'थर्मल', म्हणजे उष्णतेची मर्यादा.

ग : २९६ वरून ३१८. इथे कार्ड फक्त ७९ अंशांवर होतं, तरी वॅट ७५ वरून ६८ वर आले. याचं कारण कार्डाच्या आकड्यात दिसत नाही. पातळ यंत्रांत कीबोर्डखालच्या पत्र्याच्या उष्णतेवरही मर्यादा असते, ती गाठली की यंत्र कार्डाची वीज कमी करतं. कीबोर्डवर हात ठेवला तर मधल्या भागात बोट टेकवत नव्हतं.

ख च्या मागच्या बाजूखाली दोन सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या. ८६ चे ८२ झाले. १,४०० रुपयांचा कूलिंग पॅड आणून पाहिला. त्याने पट्ट्यांपेक्षा एकच अंश कमी झाला, कारण पॅडचे पंखे जिथे वारा मारतात तिथे लॅपटॉपच्या तळाला भोकं नाहीत. पॅड घेण्याआधी यंत्र उलटं करून भोकं कुठे आहेत ते पाहा. आमचे १,४०० गेले.

२५ मे

आजची चाचणी या सगळ्या नोंदींत सर्वांत उपयोगाची ठरली. डेस्कटॉप कार्डाचीच वीज कमी करून पाहिली. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७० टक्के, आमचं कार्ड त्याच्या खाली जाऊ देत नाही. म्हणजे साधारण ८० वॅट.

टाइम स्पाय १०,६२० वरून ९,१५०. फ्रेम २५० वरून २७० सेकंद.

रेंडरमध्ये हे कार्ड एरवी १०४ वॅट घेतं. वीज जवळजवळ चौथाईने कमी केली तर वेळ फक्त आठ टक्क्यांनी वाढला. शेवटचे वीसेक वॅट फार महाग पडतात, कारण वरचा क्लॉक (चिपचा वेग) गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली की लॅपटॉप कसा चालतो ते समजतं. पाऊणपट विजेत तो नव्वद टक्क्यांच्या आसपास काम देतो.

८० वॅटचा डेस्कटॉप २७० सेकंद आणि ७५ वॅटचा ग २९६. दोघांतलं अंतर ४६ सेकंदांवरून २६ वर आलं, उरलेल्यात मेमरीचा कमी वेग आणि पाच वॅट यांचा वाटा असावा. चिप तीच आहे, फरक वीज आणि थंडाव्याचा.

लॅपटॉपांवर एनव्हिडिया-एसएमआय या एनव्हिडियाच्या कमांडने वीज कमी-जास्त करता येत नाही, कमांड 'सपोर्टेड नाही' म्हणते. ग वर दुसरी वाट वापरली : आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक +२२०. तेवढ्याच व्होल्टेजला जास्त क्लॉक, म्हणून ७५ वॅटांत जास्त काम. पहिल्या चाळीस फ्रेम व्यवस्थित, एकेचाळिसाव्याला ड्रायव्हर कोसळला. +१८० वर रेंडर पूर्ण झालं, पण दोन फ्रेमांत नारळाच्या पेंडीवर काळे चौकोन आले. हे कोसळण्यापेक्षा वाईट, कारण कुणी फ्रेम न फ्रेम पाहिली नाही तर चूक तशीच पडद्यावर जाते. +१५० वर साठही फ्रेम नीट. ३१८ वरून ३०३ सेकंद. एवढ्यावर थांबलो. उन्हाळ्यात ठरवलेला आकडा इतर ऋतूंत चालतो, थंडीत ठरवलेला मे महिन्यात चालेलच असं नाही.

२९ मे

माटोळीच्या दृश्यात आज पानांची टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) जास्त बारकाव्याची, ४के केली. आंब्याचे टाळे, सुपारीची शिपटी, तोरिंजनं, प्रत्येकाची वेगळी. दृश्याला आता ७.१ जीबी कार्ड-मेमरी लागते. निकाल उलटा आला : ग ३४० सेकंद, ख ३०१, आणि डेस्कटॉप ४१२.

ड्रायव्हर बदलला, कार्ड काढून पुन्हा बसवलं, एसएमपीएसची वायर तपासली. तीन तास गेले. कारण टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर समोरच होतं. डेस्कटॉपवर काही न चालवताही १.३ जीबी मेमरी भरलेली. दोन मॉनिटर कार्डाला जोडलेले, ब्राउझर उघडा, विंडोज स्वतःही त्याच मेमरीत. ७.१ आणि १.३ मिळून ८ च्या वर. जे मावलं नाही ते मुख्य रॅममध्ये गेलं, आणि कार्डाला ते दर वेळी पीसीआय मार्गाने (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेने) आणावं लागलं. लॅपटॉप रेंडरच्या वेळी हायब्रिड मोडवर होते. त्यांचा पडदा प्रोसेसरचं ग्राफिक्स सांभाळत होतं, त्यामुळे कार्डाची मेमरी जवळजवळ पूर्ण मोकळी.

उपाय : मॉनिटरची वायर कार्डातून काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली. ७६०० मध्ये स्वतःचं साधं ग्राफिक्स आहे, ते बायोसमध्ये चालू केलं. कार्डाची भरलेली मेमरी १.३ वरून ०.२ जीबी. फ्रेम २६८ सेकंद.

एरवी मॉनिटर मदरबोर्डला लावणं ही चूक असते आणि गेम किंवा अनरियलसाठी ती चूकच आहे. फक्त रेंडरसाठी, आणि मेमरी काठोकाठ असेल तेव्हाच, हा उपाय बरोबर. मग लॅपटॉपच्या मक्सचंही तेच : अनरियलला डिस्क्रीट, रेंडरला हायब्रिड.

जुन्या मशीनमध्ये ४०६० घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हे कार्ड पीसीआयच्या आठच वाटा वापरतं. बोर्डावरचं पीसीआय तिसऱ्या पिढीचं असेल तर प्रत्येक वाटेचा वेग निम्मा. मेमरीत सगळं मावतं तोवर फारसं जाणवत नाही, बाहेर सांडलं की फार जाणवतं.

दूरची पानं परत २के केली. पडद्यावर फरक दिसत नाही आणि दृश्य ५.८ जीबीत बसतं.

४ जून

दुपारी चारला गडगडाट सुरू झाला, पाच-वीसला वीज गेली. डेस्कटॉप ६०० व्हीएच्या यूपीएसवर होता. यूपीएसने एकदा लांब शिटी मारली आणि यंत्र सरळ बंद. रेंडर एकतिसाव्या फ्रेमवर होतं. आउटपुट थेट व्हिडिओ फाइलमध्ये ठेवलं होतं, ती अर्धवट फाइल उघडेना. दोन तास दहा मिनिटांचं काम गेलं.

यात चुका दोन. आउटपुट कायम एकेक चित्र म्हणून ठेवायचं, पीएनजी किंवा ईएक्सआर. मग वीज गेली तर एकच फ्रेम जाते आणि पुढच्या आकड्यापासून सुरू करता येतं. ब्लेंडरमध्ये 'ओव्हरराइट' बंद ठेवलं की झालेल्या फ्रेम तो आपोआप सोडून देतो. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं.

दुसरी चूक यूपीएसची. मीटरवर यंत्र आणि दोन मॉनिटर मिळून २५० वॅट. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, म्हणजे कागदावर जमायला हवं. पण बॅटरी तीन वर्षं जुनी होती, आणि तो यूपीएस बॅटरीवर गेला की खरी साइन लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट लयीत ओढणारी सोय) असलेले काही एसएमपीएस ही लहर स्वीकारत नाहीत आणि बदलाच्या क्षणी बंद पडतात.

त्याच वेळी ख चं काम चालूच राहिलं. बॅटरीवर गेल्यावर कार्ड ४५ वॅटवर आलं, फ्रेमला सात मिनिटं लागू लागली, पण फ्रेम येत राहिल्या. ५० मिनिटांत बॅटरी १२ टक्क्यांवर, तेव्हा थांबवलं. लॅपटॉपमध्ये यूपीएस आधीच असतो हे तुलनेत कुणी धरत नाही. पावसाळ्यात गोव्यात ते धरलंच पाहिजे.

८ जून

१,००० व्हीए, प्युअर साइन वेव्ह, ९,८०० रुपये. रेंडर चालू असताना भिंतीचा प्लग मुद्दाम काढला, पाचही वेळा यंत्र चालू राहिलं. नवा यूपीएस घेतला की ही चाचणी पहिल्याच दिवशी करा, दुकान बदलून देतं तोवर.

१४ जून

ख उघडला. वर्षभरात पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये लोकरीच्या कापडासारखा थर बसला होता. कोरडी धूळ हवेच्या फवाऱ्याने उडते. इथल्या दमट हवेत ती ओली होऊन चिकटते आणि फवाऱ्याने जाळीत आणखी आत जाते. पंख्याचे तीन-तीन स्क्रू काढून पंखे बाहेर घेतले, थर चिमट्याने सोलून काढला. तो अखंड पट्टीसारखा निघाला. मग मऊ ब्रश. चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्टही बदलली : साधी पेस्ट न लावता पीटीएम ७९५० ची पट्टी, ९५० रुपये. साधी पेस्ट लॅपटॉपच्या चिपवर तापण्या-निवण्याने कडेला सरकत जाते, ही पट्टी गरम झाल्यावर मऊ होऊन जागेवर बसते. पहिले दोन-तीन वेळा चांगलं तापवल्यावरच तिचा खरा परिणाम दिसतो, लगेच आकडे पाहून निराश होऊ नये.

बॅटरीची पिन आधी काढा. पंख्याच्या वायरचा कनेक्टर वर ओढू नका, नखाने दोन्ही बाजूंनी ढकलून काढा. आमचा एक कनेक्टर बोर्डावरून सुटता सुटता राहिला.

पुन्हा साठ फ्रेम. कार्ड ७७ अंश, वॅट १०१, फ्रेम २६४ वर अखेरपर्यंत स्थिर. ४ तास २४ मिनिटं. डेस्कटॉपपेक्षा १४ मिनिटं जास्त, एवढंच. २२ मेचा ख चा आकडा हा लॅपटॉपचा आकडा नव्हता, धुळीचा होता.

२० जून

प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी. प्रत्यक्ष कामात असंच होतं : एकीकडे रेंडर, दुसरीकडे आवाजाची किंवा कापडाची गणनं. क वर फरक नाही, दोघांचे पंखे वेगळे, वीज वेगळी. ख वर कार्ड १०१ वरून ८२ वॅटवर, कारण दोघांच्या उष्णतेच्या नळ्या एकच आणि डायनॅमिक बूस्टचे वॅट प्रोसेसरकडे गेले. ग वर ५५. डेस्कटॉपचं खरं मोठेपण या चाचणीत दिसलं.

व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये उलट. एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात दहा मिनिटांचा तुकडा तिन्हींवर जवळपास सारख्याच वेळात झाला. एनकोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा) हा चिपचा वेगळा भाग आहे, ४०६० मध्ये तो सगळीकडे एकच असतो आणि त्याला वीज थोडी लागते. काम फक्त कापाकापी आणि एक्स्पोर्टचं असेल तर ७५ वॅटचा लॅपटॉप घ्या, पैसे वाचतील.

२७ जून

'तीस हजार घालून ४०७० लॅपटॉप घ्यावा का' याचं उत्तर. ४०६० पर्यंत चिप एकच होती म्हणून वरची तुलना जमली. ४०७० पासून नाव तेच, चिप दुसरी. डेस्कटॉप ४०७० : ५८८८ कोअर, १२ जीबी, १९२ बिट, २०० वॅट. लॅपटॉप ४०७० : ४६०८ कोअर, ८ जीबी, १२८ बिट. आमच्या कामात अडचण मेमरीची होती आणि लॅपटॉप ४०७० मध्ये मेमरी ४०६० एवढीच मिळते. ४०९० मध्ये तर डेस्कटॉपचे १६,३८४ कोअर आणि २४ जीबी, लॅपटॉपचे ९,७२८ आणि १६ जीबी. लॅपटॉप ४०९० ची चिप डेस्कटॉप ४०८० च्या घराण्यातली आहे.

पूर्वी लॅपटॉप कार्डाच्या नावापुढे 'एम' असायचं, २०१६ च्या १० मालिकेपासून ते गेलं. तेव्हा अंतर खरंच कमी झालं होतं. पुढे डेस्कटॉप कार्डांचे वॅट वाढत गेले, लॅपटॉपला तेवढी उष्णता बाहेर टाकणं जमण्यासारखं नव्हतं, नाव मात्र एकच राहिलं. आणि नियम सरसकटही नाही : लॅपटॉप ३०६० मध्ये ३८४० कोअर, डेस्कटॉपमध्ये ३५८४, पण मेमरी ६ विरुद्ध १२ जीबी. म्हणून प्रत्येक नावाचे कोअर, मेमरी आणि वॅट हे तीन आकडे वेगळे पाहावे लागतात.

२ जुलै

खर्च. क : कार्ड ३०,५००, प्रोसेसर १८,५००, बोर्ड १२,५००, रॅम ९,२००, एसएसडी ६,३००, एसएमपीएस ५,२००, कॅबिनेट ४,५००. एकूण ८६,७००, यूपीएस धरून ९६,५००, मॉनिटर आधीचे. ख : १,२४,००० आणि वर रॅम, पट्टी मिळून ५,१५०. ग : ९८,०००.

साठ फ्रेमना भिंतीतून घेतलेली वीज, मॉनिटर सोडून : क ०.७९ युनिट, ख ०.७३, ग ०.५८. सर्वांत हळू यंत्र सर्वांत कमी वीज खातं.

पूर्ण ७२० फ्रेम : क वर ५० तास, ग वर त्याच्या मूळ सेटिंगला ६३ तास ३६ मिनिटं. क वर ७० टक्के वीज ठेवून ५४ तास होतात आणि रात्री पंख्याचा आवाज जवळजवळ नसतो. पावसाळाभर तेच सेटिंग ठेवतो आहोत.

वाटणी अशी : रेंडर क वर, मांडवातला पडदा ख वर डिस्क्रीट मोडमध्ये, कापाकापी ग वर. ख एसीच्या खोलीतून थेट मांडवात उघडायचा नाही. थंड पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं, बॅगेतच अर्धा तास ठेवून मग चालू करायचा.

६ जुलै

क वर फ्रेम १ पासून रेंडर सुरू, पीएनजी, ओव्हरराइट बंद, मॉनिटर मदरबोर्डला. ख च्या झाकणावर आतून चिठ्ठी : 'पडदा जोडण्याआधी मोड पाहणे'. यूपीएसच्या पाठीवर बॅटरीची तारीख आणि पुढच्या प्लग-काढा चाचणीची तारीख लिहिली, ६ जानेवारी २०२५.